घरातल्या यंत्राचं डोकं कुणाच्या घरी?

(शिरूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. श्रोत्यांमध्ये दौंड तालुक्यातील मंडळीही होती. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेवर जरा अवघड दिसतो: इंटरनेटशिवाय चालणारे घरगुती रोबॉट, त्यातला खासगीपणा आणि मालकी. रोबॉट म्हटलं की सिनेमातला चालता-बोलता पुतळा डोळ्यांपुढे येतो. तो बाजूला ठेवा. रोबॉट म्हणजे तीन कामं करणारं यंत्र. त्याला आजूबाजूचं काहीतरी कळतं, त्यावरून ते काहीतरी ठरवतं, आणि ठरवलेलं स्वतः करतं.

ही व्याख्या धरली तर भीमेच्या अलीकडे-पलीकडे, न्हावऱ्यापासून पारगाव-केडगावपर्यंत, कितीतरी विहिरींवर रोबॉट आधीच बसलेला आहे. मोटरीच्या पेटीतला ऑटो! रात्री लाइट आली की त्याला कळतं. तिन्ही फेज ठीक आहेत का ते तो बघतो, थोडा थांबतो आणि मोटर चालू करतो. मालक घरी झोपलेला असतो. (लाइट येताक्षणी सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उचलतात म्हणून महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण तो आजचा विषय नाही.)

मला ऑटोचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. तो गुपचूप काम करतो आणि कुणाला काही सांगत नाही. तुमची मोटर किती वाजता चालू झाली, किती तास चालली, याची नोंद गावाबाहेरच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर जात नाही. त्याला खातं उघडावं लागत नाही, ओटीपी लागत नाही. बिघडला तर जवळचा वायरमन पेटी उघडतो, रिले बदलतो, चालता करतो. बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तर ऑटोला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता मोबाइल स्टार्टर आले. त्यात दोन जाती आहेत, आणि आजचा सगळा विषय त्या दोन जातींत आहे. एका जातीत स्टार्टरमध्येच सिम असतं. तुम्ही फोन लावता किंवा एसएमएस करता, तो सरळ तुमच्या पेटीला जातो. दुसऱ्या जातीत तुम्ही ॲपमध्ये बटण दाबता, ती आज्ञा कंपनीच्या सर्व्हरला जाते, आणि तिथून तुमच्या विहिरीवर येते. तुमची विहीर, तुमची मोटर, तुमचंच बोट, आणि मध्ये तिसरा. तो तिसरा वाईट असतोच असं मी म्हणत नाही. पण तो मध्ये आहे एवढं लक्षात असू द्या. पेटीवर हिरवं बटण आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. ॲप गेलं तरी बटण आहे. या हिरव्या बटणाकडे आपण परत येणार आहोत.

घरात येऊ. घरातला पहिला रोबॉट म्हणजे फुली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. कपडे किती आहेत याचा अंदाज घेतं, पाणी किती घ्यायचं ते ठरवतं, धुतं, पिळतं. अशी यंत्रं आपल्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत बनतात. एलजी, व्हर्लपूल, हायर तिघांचेही कारखाने तिथे आहेत. इथे बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी तिथल्या लाइनवर उभं राहिलेलं असेल. वॉशिंग मशीननं आपल्या घरातली कितीतरी बोटं मोकळी केली, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या घरात कधी किती कपडे धुतले हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. म्हणजे हुशार यंत्र आणि बाहेर बोलणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात 'स्मार्ट' या एका शब्दात दोन्ही कोंबतात, तिथे आपली फसगत होते.

आता झाडू मारणारा रोबॉट घ्या. तव्याएवढी गोल चकती, जमिनीवरून फिरते. तिच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा मनोरा असतो. तो गरगर फिरतो आणि लेझरचा किरण सोडतो. किरण भिंतीवर, कपाटावर, खाटेच्या पायावर आपटून परत येतो, त्यावरून ती वस्तू किती लांब आहे ते कळतं. असे हजारो ठिपके जोडत यंत्र घराचा नकाशा काढतं, आणि त्याच नकाशात मी आत्ता कुठे आहे हेही शोधत राहतं. अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत आपण दिव्याचं बटण शोधतो, तसंच. हे सगळं गणित यंत्राच्या पोटातल्या चिपवर होतं. ते इंटरनेटवर होऊच शकत नाही, कारण खुर्ची आडवी आली तर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत यंत्र तिच्यावर आपटलेलं असेल.

मग नकाशा बाहेर का जातो? मोबाइलवर दिसावा म्हणून. तुम्ही त्याच खोलीत, त्याच वायफायवर बसलेले असलात तरी बऱ्याच कंपन्यांत नकाशा आधी सर्व्हरला जातो आणि मग तुमच्या हातात येतो. हे तांत्रिक गरजेपोटी नाही, याचा पुरावा आहे. व्हॅलेट्यूडो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, एका जर्मन प्रोग्रॅमरनं सुरू केलेलं. ज्या मॉडेलांवर ते बसतं, त्यांचा कंपनीच्या सर्व्हरशी संबंध तुटतो. तरी तोच रोबॉट नकाशा काढतो, सांगितलेली खोली झाडतो, देवघरापुढे आखलेल्या रेषेच्या आत जात नाही. म्हणजे डोकं आधीपासून घरातच होतं, फक्त त्याचा लगाम बाहेर होता.

नकाशा गेला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. आमच्या घरात काय ठेवलंय! बघा, नुसत्या नकाशावरून घर केवढं आहे, खोल्या किती, पलंग कुठे आहे हे कळतं. रोज कधी झाडलं जातं यावरून घरात माणसं कधी असतात आणि कधी नसतात हे कळतं. आणि कॅमेरा असेल तर मग विचारायलाच नको.

डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकानं एक प्रकरण उजेडात आणलं. रूंबा हा झाडू मारणारा सर्वांत प्रसिद्ध रोबॉट, आयरोबॉट या अमेरिकी कंपनीचा. त्याच्या चाचणीच्या यंत्रांनी २०२० मध्ये घरांतले फोटो टिपले होते. त्यात शौचालयात बसलेल्या एका तरुणीचेही फोटो होते. ते फोटो 'ही खुर्ची, हा माणूस' अशा पट्ट्या लावण्यासाठी दुसऱ्या कंपनीकडे गेले, तिथून व्हेनेझुएलातल्या कामगारांकडे, आणि त्यांनी ते आपसांतल्या इंटरनेटवरच्या गटांत टाकले. कंपनीचं म्हणणं असं की ही बाजारातली यंत्रं नव्हेत, चाचणीची होती, आणि लोकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. हे खरं मानू. पण 'यंत्र शिकवण्यासाठी माहिती घेऊ' यावर सही करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय असतं? कुठल्या तरी मशीनमध्ये जाणारे आकडे. व्हेनेझुएलातला एक माणूस स्क्रीनवर आपल्याकडे बघतोय, असं चित्र त्याच्या मनात नसतं. ही साखळी कुणी दुष्टपणानं रचली नव्हती. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपलं नेमून दिलेलं काम करत होतं. फोटो घराबाहेर पडला की तो किती हातांतून जाईल हे पहिल्या हाताला सांगता येत नाही.

दुसरं प्रकरण २०२४ चं. इकोव्हॅक्स कंपनीच्या रोबॉटांत शिरून कुणीतरी अमेरिकेतल्या काही घरांत त्याच्या स्पीकरवरून शिव्या दिल्या. घरातली मंडळी बसलेली, आणि झाडू शिव्या देतोय! ऐकायला विनोदी वाटतं. पण शिव्या दिल्या म्हणून कळलं तरी. गप्प बसून नुसतं बघितलं असतं तर?

आता मालकी. आपल्याकडे मालकीची भाषा फार पक्की आहे, कारण जमीन आणि पाणी. दौंडकरांना खडकवासल्याचा कालवा माहीत आहे, शिरूरकरांना चासकमान. कालव्याला पाणी असतं तेव्हा शेत हिरवंगार. पण आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे तुमच्या बांधावर ठरत नाही. विहीर मात्र तुमची. तिला पाणी कमी असेल, उन्हाळ्यात तळ दिसेल, पण दोर कधी सोडायचा ते तुम्ही ठरवता. सर्व्हरवर चालणारा रोबॉट कालव्यावरचा आहे, घरात डोकं असलेला विहिरीवरचा.

किंवा सातबारा घ्या. सातमध्ये हक्क कुणाचा ते असतं, बारामध्ये पीक काय ते. विकत आणलेल्या काही यंत्रांचा सातबारा काढला तर पीकपाहणीला तुमचं नाव दिसेल आणि मालकीच्या रकान्यात कंपनीचं. पैसे पूर्ण भरलेत, पावती आहे, यंत्र घरात आहे, तरीही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर जिबोची गोष्ट ऐका. अमेरिकेत २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून हा रोबॉट जाहीर झाला. टेबलावर बसणारा, मान वळवून बोलणारा, घरच्यांचे चेहरे ओळखणारा. २०१७ मध्ये लोकांच्या हातात आला, किंमत जवळपास ९०० डॉलर. टाइम मासिकानं त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याला घेतलं. २०१९ मध्ये जिबोनं आपल्या मालकांना स्वतःच सांगितलं की माझे सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत, तुमच्याबरोबर छान वेळ गेला. यंत्र शाबूत होतं. मोटर चांगली, स्क्रीन चांगली. डोकं दुसऱ्याच्या घरी होतं, आणि त्या घराला कुलूप लागलं.

मॉक्सीचं तर लहान मुलांशी नातं होतं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांशी गप्पा मारणारा हा रोबॉट, किंमत ८०० डॉलरच्या घरात. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीकडचे पैसे संपले आणि आता मॉक्सी बोलणार नाही हे आपापल्या मुलांना समजावण्याची वेळ आईबापांवर आली. त्या कंपनीच्या माणसांनी जाता जाता एक चांगलं काम केलं. कंपनीच्या सर्व्हरऐवजी घरच्या कॉम्प्युटरवरून मॉक्सी चालवता येईल असं सॉफ्टवेअर त्यांनी खुलं केलं. सगळेच एवढा विचार करत नाहीत. निआटो ही झाडूवाली कंपनी २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा क्लाउड पाच वर्षं चालू ठेवू असं सांगितलं गेलं होतं. २०२५ मध्येच तो बंद केला. त्या यंत्रांवर बटण होतं म्हणून ती निदान सुरू तरी होतात. हेच ते हिरवं बटण.

कंपनी बुडालीच पाहिजे असंही नाही, हात बदलला तरी पुरतं. ॲमेझॉननं २०२२ मध्ये आयरोबॉट विकत घ्यायचं जाहीर केलं. युरोपच्या नियामकांच्या हरकतीमुळे जानेवारी २०२४ मध्ये तो सौदा मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबॉट दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि तिचे रोबॉट बनवून देणाऱ्या चिनी कंपनीकडेच तिची मालकी जायचं ठरलं. घरातलं यंत्र तेच, पण त्याच्या पाठीमागचा मालक आज एक, उद्या दुसरा. विकत घेताना तुम्ही यातल्या कुणावर विश्वास टाकला होता?

हे सगळं सांगायला मला अमेरिकेला जावं लागलं, पण यावरचं उत्तर शोधायला इथून पाबळला गेलं तरी चालेल. आपल्याच तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती करत करत विज्ञान शिकतात. पुढे एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅबची कल्पना आली. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कापायची, कोरायची यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामान एका खोलीत ठेवायचं, आणि गावातल्या माणसानं आपल्याला हवं ते उपकरण स्वतः बनवायचं. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. बोस्टननंतर पाबळ, जरा विचार करा!

कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या वेळी घरगुती रोबॉटचा कुणी विचारही करत नव्हतं. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. जे यंत्र तुम्हाला उघडता येतं, समजून घेता येतं, दुरुस्त करता येतं, त्यावर तुमची सत्ता असते. पाबळच्या मुलाला भूगर्भातलं पाणी शोधायचं उपकरण जोडता येतं, तर उद्या त्याला आजीची गोळीची वेळ सांगणारी पेटीही जोडता येईल. तिला सर्व्हर कशाला हवा? हजार-दोन हजारांचा छोटा कंट्रोलर, एक घड्याळ, एक भोंगा.

आजीचं नाव निघालं, तर या विषयातली सर्वांत अवघड जागा तिथेच आहे. वस्तीवर आईवडील दोघंच, मुलं पुण्यात, कुणी परदेशात. काळजी खरी असते. मग मुलगा दिवाळीला येतो आणि जाताना घरात कॅमेरा बसवून जातो. उद्या तो फिरता कॅमेरा, म्हणजे रोबॉट बसवेल. हेतू प्रेमाचाच. पण कॅमेरा बसला की बाईमाणसाचं बसणं-उठणं बदलतं. दुपारी पदर बाजूला टाकून पंख्याखाली आडवं व्हायची जागा जाते. शेजारीण आली की दोघी ओट्यावर जाऊन बोलतात. कंपनीपासूनचा खासगीपणा आपण बोलतो, पोटच्या पोरापासूनचा बोलत नाही.

कायदा इथे फार पुढे येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याबद्दल मुलाला कायदा काही विचारणार नाही. आईलाच विचारावं लागेल.

घरात डोकं असलेलं यंत्र इथे खरा मार्ग काढतं. आई पडली का, एवढंच मुलाला कळायला हवं ना? मग खोलीतलं यंत्र ते खोलीतच ठरवू शकतं. कॅमेराही लागत नाही. रडारवर चालणारी उपकरणं आहेत, त्यांना माणूस उभा आहे की जमिनीवर पडलाय एवढं कळतं, चेहरा कळत नाही. पडली तर एक एसएमएस: 'आई पडल्या आहेत, फोन करा.' मुलाला, आणि आधी शेजाऱ्याला, कारण पुण्याहून मुलगा यायला दोन तास लागणार. चित्र कुठेच जात नाही. ऑफलाइन म्हणजे मुकं नव्हे. बाहेर काय बोलायचं हे घरात ठरतं, एवढाच त्याचा अर्थ.

तोटे सांगितले पाहिजेत. सर्व्हरवरचा रोबॉट जास्त बोलका असतो, कारण मोठं डोकं तिथे मावतं. घरातल्या छोट्या चिपवर मनमोकळ्या गप्पा अजून जड जातात. मराठी समजणारी खुली मॉडेल आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटानं तयार केली आहेत, पण पुस्तकी मराठी आणि आपली घोडनदीची बोली यांत अंतर आहे. अर्थात 'दिवा लाव', 'थांब', 'स्वयंपाकघर झाड' अशा तीस-चाळीस आज्ञा ओळखायला लहान चिप पुरते. दुसरा तोटा, सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करायची तर पेन ड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. तिसरा, एकदा जोडून देणारा माणूस जवळ हवा. हे काम गावातली आयटीआयची पोरं करू शकतात, त्यांना कुणी ते काम दिलं तर. आणि फायद्यात एक साधी गोष्ट राहिलीच. आपल्याकडे लाइट गेली की राउटर जातो, रस्ता खोदला की केबल तुटते. बॅटरीवरचं ऑफलाइन यंत्र तेव्हाही चालतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: दुकानात गेल्यावर हे ओळखायचं कसं? दुकानदार तर सगळंच चांगलं म्हणतो.

उत्तर: त्याला म्हणा, राउटर बंद करा आणि आता चालवून दाखवा. बटणावर सुरू झालं, झाडून परत चार्जरवर जाऊन बसलं, तर निम्मं काम झालं. मग विचारा की खातं न उघडता वापरता येतं का, नकाशा कुठे साठतो, आणि कॅमेरा आहे की नुसता लेझर. घरी आणल्यावर वायफायचा पासवर्ड देण्याची घाई करू नका. आठ दिवस तसंच वापरा. नेट नाही म्हणून काय अडलं ते कागदावर लिहा, आणि त्यासाठी पासवर्ड द्यायचा का ते घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. बॅटरी आणि ब्रश शिरूरला नाहीतर निदान पुण्यात मिळतो का, हेही विचारा. बॅटरी मिळाली नाही तर ऑफलाइन यंत्रही भंगारच.

प्रश्न: आमच्याकडे बिबट्याचा त्रास आहे. वस्तीवर कॅमेरा आणि भोंगा बसवायचाय. रेंज धड नाही. काय करावं?

उत्तर: ऑफलाइनचा याहून चांगला उपयोग नाही. जंगलात प्राण्यांचे फोटो घेणारे कॅमेरा ट्रॅप वर्षानुवर्षं असेच चालतात. हालचाल आणि उष्णता जाणवली की फोटो, तो मेमरी कार्डवर. आता कॅमेऱ्यातच प्राणी ओळखता येतो. कुत्रं, गाय, माणूस गेला तर गप्प, बिबट्या दिसला तर भोंगा आणि दिवा. भोंगा एक-दोन सेकंदांत वाजला पाहिजे, रेंज शोधत बसला तर उपयोग काय? तरी त्याच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. उसातून येणारा बिबट्या कॅमेऱ्याच्या समोरूनच येईल असं नाही. आणि कॅमेऱ्याचं तोंड गोठ्याकडे आणि उसाच्या बांधाकडे ठेवा, शेजाऱ्याच्या अंगणाकडे आणि न्हाणीकडे नको. माणसांचे फोटो आपोआप पुसले जातील अशी सोय आहे का, ते बसवणाऱ्याला आधीच विचारून घ्या.